पार्श्वभूमी : खडे काढायचे की पिशवीच?

अंगावर पित्त उठते, जागरणाने पित्त होते आणि सोनोग्राफीत पित्ताचे खडे निघतात. शब्द एकच, पण शरीरात गोष्टी तीन. अंगावर उठते त्यामागे हिस्टामीन हे ॲलर्जीत सुटणारे रसायन असते. जागरणानंतर जळजळते ते जठरातले आम्ल. खडे होतात ते यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसात, आणि हा रस तर अल्कधर्मी. आयुर्वेदातल्या त्रिदोषांमधले पित्त आणखी निराळे. या गोंधळाची किंमत रुग्ण मोजतो. उजव्या बरगडीखाली, तेलकट जेवणानंतर उठणारी, पाठीत उजव्या खांद्याच्या पात्याकडे जाणारी आणि अर्ध्या तासाहून जास्त टिकणारी खड्यांची कळ ‘पित्तच आहे’ म्हणून अँटासिडवर काढली जाते. पित्तरस साठवणारी पिशवी, म्हणजे पित्ताशय, काढल्यावर ‘आता पित्त होणार नाही ना?’ असा प्रश्नही ठरलेला. त्याचे उत्तर, आम्लपित्ताचा आणि पित्ताशयाचा संबंध नाही.

यकृत दिवसाला ५०० ते १००० मिलि पित्तरस करते, पिशवीत मावतो जेमतेम ३० ते ५० मिलि. हिशेब जुळतो कारण पिशवी त्यातले पाणी आणि क्षार शोषून रस पाच ते दहा पट दाट करते. स्निग्ध अन्न लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचले की तिथून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटते, पिशवी आकसते, नळीच्या तोंडाची झडप सैल होते. पित्तरसात पाचक विकरे नसतात. तो चरबीचे बारीक थेंब करतो, पुढचे काम स्वादुपिंडाच्या रसाचे. दाट करण्याच्या याच जागी कोलेस्टेरॉल जास्त झाले किंवा पिशवी नीट रिकामी झाली नाही, तर स्फटिक धरतात.

खरा वाद इथून सुरू होतो. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात एका शल्यविशारदाने पिशवी उघडून खडे काढले आणि ती पुन्हा शिवली. पुढे हाच रिवाज पडला. १५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये दुसऱ्याने संपूर्ण पिशवीच काढली. त्याचे म्हणणे असे की, खडे पिशवीत आहेत म्हणून नव्हे, तर पिशवी ते घडवते म्हणून ती जायला हवी. पिशवीवाचून जगता येते, याला घोड्याचा दाखला होताच. त्याला पित्ताशय नसतेच. तरीही पूर्ण अवयव काढणे अनेकांना अतिरेक वाटत राहिले. शंभरेक वर्षांनी गोळ्यांनी खडे विरघळवणे आणि ध्वनिलहरींनी फोडणे आले, तेव्हा जुनाच मुद्दा नव्या कपड्यांत परतला. खडे विरघळायचेही, पण पाच वर्षांत जवळपास निम्म्या जणांना पुन्हा व्हायचे. बर्लिनचा तर्क बरोबर होता, असेच म्हणावे लागते. मात्र तो त्रास देणाऱ्या खड्यांपुरता. सोनोग्राफीत सहज सापडलेल्या, कधीही न दुखलेल्या खड्यांसाठी सरसकट ऑपरेशन करण्याचे कारण नाही. त्यातल्या बहुतेकांचे खडे कधीच दुखत नाहीत.

१९८५ मध्ये जर्मनीत दुर्बिणीने पहिली पिशवी निघाली. तिथल्या शल्यविशारदांच्या संस्थेने आधी दुर्लक्ष केले, १९९२ मध्ये सन्मान केला. मुंबईत हे ऑपरेशन १९९० मध्ये झाले. जखम लहान झाली, पण यकृतातून आतड्यात पित्तरस नेणाऱ्या मुख्य पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण सुरुवातीच्या वर्षांत वाढले. कारण साधे आहे. पिशवी ओढली की मुख्य नलिका तिच्या रेषेत येते, पिशवीचीच नळी वाटते, आणि नळी बंद करणारी क्लिप तिच्यावरच बसते. मग कावीळ, पोटात गळती, पुन्हा मोठे ऑपरेशन.

१९९५ मध्ये यावर नेमका नियम पुढे आला. यकृत आणि नळ्यांमधल्या त्रिकोणातली चरबी व तंतू साफ करायचे, पिशवीचा खालचा एक तृतीयांश भाग यकृतापासून मोकळा करायचा, आणि पिशवीत जाणाऱ्या दोनच गोष्टी, नळी आणि रक्तवाहिनी, दिसल्याशिवाय काहीही कापायचे नाही. सूज इतकी की हे दिसतच नाही, तेव्हा पोट उघडायचे किंवा पिशवीचा काही भाग मागे ठेवून थांबायचे. अशा वेळी खडे मात्र सगळे काढावे लागतात, कारण उरलेल्या तुकड्यात ते नव्याने धरू शकतात.