१५० मिमी असली म्हणून लेन्स ४×५ ला चालतेच असं नाही

कोल्हापुरात जुन्या स्टुडिओच्या सामानातून ४×५ इंची फिल्मच्या मोठ्या कॅमेऱ्यासाठी लेन्स घेताना एक सल्ला हमखास कानावर येतो: "१५० मिमी आहे ना, मग ४×५ ला बिनधास्त लाव." हे चुकीचं आहे. १५० मिमी ही फोकल लेंग्थ; तिच्यावरून फिल्मवर विषय किती मोठा उमटेल ते कळतं. लेन्स किती फिल्म झाकेल, हे ठरतं इमेज सर्कलवरून, म्हणजे लेन्स फिल्मवर जे गोल चित्र पाडते त्याच्या व्यासावरून.

४×५ इंची फिल्मवरच्या चित्राचा कर्ण सुमारे १५४ मिमी. सर्कल निदान तेवढं हवं. ६×६ सेंमी फिल्मच्या कॅमेऱ्याची १५० मिमी लेन्स जेमतेम ८० मिमी कर्णासाठी बनवलेली असते. उलट श्नायडर या जर्मन कंपनीच्या १५० मिमी सिम्मार-एस लेन्सचं सर्कल एफ/२२ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (प्रकाश येण्याचं छिद्र) बारीक असताना, २१० मिमी.

एवढं जादा कशाला? न्यू पॅलेसचा मनोरा घ्या. कॅमेरा वर झुकवला की उभ्या रेषा आत कलतात, म्हणून कॅमेरा सरळ ठेवून लेन्सच वर सरकवायची. उभ्या फिल्मवर ३० मिमी सरकवली की सुमारे २०४ मिमीचं सर्कल लागतं. सिम्मार कशीबशी पुरते, तीही अ‍ॅपर्चर बारीक केल्यावर. इमारती टिपणाऱ्याने, माझ्या मते, किंमतीच्याही आधी सर्कलचा आकडा विचारावा. जवळून टिपताना बेलोज (लेन्स आणि फिल्म यांच्यामधला घडीचा भाता) लांबते तसं सर्कलही वाढतं. एकास एक प्रमाणात, म्हणजे फिल्मवर वस्तू मूळ आकाराइतकीच उमटते तेव्हा, दुप्पट.