घरगुती बिअरचे निवळणे

आंबवण संपत येताना बिअरमध्ये तरंगणारे यीस्ट, प्रथिने आणि हॉप्सचे (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचे) कण तळाशी बसून वरचा द्रव नितळ होतो. या क्रियेला निवळणे म्हणतात. कारखान्यांत हे काम बहुधा गाळणयंत्रे किंवा सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून कण वेगळे करणारी यंत्रे) करतात. घरी बिअर करणाऱ्याची मुख्य साधने तीनच : यीस्टचा वाण, थंडावा आणि वेळ.

पहिले काही दिवस बिअर गढूळ असते आणि तशी असायलाच हवी. यीस्ट साखर खात असताना सुटणारे कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सगळा द्रव ढवळत ठेवतात. शिवाय यीस्टची सुटी पेशी जेमतेम ५ ते १० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कणाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सुट्या पेशी रेंगाळतात, त्यांचे पुंजके झाले की मात्र भराभर तळ गाठतात.

पुंजके होतात ते पेशींनी एकमेकींना धरल्यामुळे. एका पेशीच्या भित्तीवरची प्रथिने शेजारच्या पेशीवरच्या मॅनोज शर्करेच्या साखळ्या पकडतात, आणि या पकडीला कॅल्शियम लागते. बिअरच्या बहुतेक यीस्टमध्ये द्रवातली साखरच या प्रथिनांना अडवून धरते. साखर सरत आली की पकड बसू लागते. खाणे उरकल्यावरच खाली बसायचे, ही या पेशींची व्यवस्था विलक्षण नेटकी आहे. काही वाण मात्र घाई करतात आणि साखर शिल्लक असतानाच बसतात. उलट गव्हाच्या बिअरचे अनेक वाण दीर्घकाळ तरंगतात; तिथे धूसरपणा हा दोष नव्हे.

यीस्ट बसल्यावरही बिअर थंड केली की कधीकधी धुके दिसते. ते प्रथिने आणि पॉलिफिनॉल (धान्य व हॉप्समधून येणारी तुरट द्रव्ये) यांच्या जोडीचे असते आणि बिअर कोमट झाली की विरते. आंबवण पुरी झाल्यावर भांडे एक-दोन दिवस ० ते ४ अंश सेल्सिअसला ठेवले, तर हे धुके आणि उरलेले यीस्ट दोन्ही खाली बसतात. थंड होताना भांड्यातला वायू आकसतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजनने चव बिघडते, त्यामुळे झाकणाकडे लक्ष हवे. आंबवण्याआधी धान्याचा गोड अर्क उकळतात, त्या उकळीच्या शेवटच्या १०–१५ मिनिटांत घातलेले आयरिश मॉस हे समुद्रशैवाल प्रथिनांना गोळा करते. जिलेटिन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंग्लास नंतर घालतात. त्यांचा धन भार यीस्टच्या ऋण भाराला ओढतो.

नितळ दिसणारी बिअर आंबून झाली असेलच असे नाही. लागोपाठ दोन-तीन दिवस हायड्रोमीटरची (द्रवाची घनता मोजणाऱ्या उपकरणाची) नोंद बदलली नाही, तरच आंबवण संपली असे धरावे. साखर उरलेली असताना भरलेली बाटली दाबाने फुटू शकते. नितळ बिअरमध्येही डोळ्यांना न दिसणाऱ्या पुष्कळ पेशी असतात आणि बाटलीत थोडी साखर घातल्यावर फेसासाठी लागणारा वायू त्याच तयार करतात. बाटलीच्या बुडाशी दिसणारा पातळ थर त्यांचाच.