एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रम (भारत)

डीआरडीओचा (भारताच्या संरक्षण संशोधन संस्थेचा) १९८३ मध्ये मंजूर झालेला कार्यक्रम. पृथ्वी आणि अग्नी (जमिनीवरून जमिनीवर मारा करणारी), त्रिशूल आणि आकाश (विमानविरोधी) आणि नाग (रणगाडाविरोधी) अशी पाच क्षेपणास्त्रं यात एकदमच हातात घेतली. आधी एक, मग दुसरं असा प्लॅन होता, पण तेव्हाचे संरक्षणमंत्री आर. वेंकटरामन यांनी सगळी एकत्रच घ्या असं सांगितलं, ही ए. पी. जे. अब्दुल कलामांची आठवण. कलाम १९८२ ला इस्रोतून हैदराबादच्या डीआरडीएलमध्ये, म्हणजे डीआरडीओच्या क्षेपणास्त्र प्रयोगशाळेत, प्रमुख म्हणून आले होते. मंजूर रक्कम ३८८ कोटी रुपये.

उगम : बरेच लेखक टिपूच्या अग्निबाणांपासून सुरुवात करतात, वाचायला छान वाटतं पण या कार्यक्रमाशी त्याचा धागा काही जुळत नाही. खरा वाद आहे डेव्हिल प्रोजेक्टचा, म्हणजे पृथ्वी त्यातूनच आलं का याचा. बहुधा १९७२ च्या आसपास सुरू झालेल्या या प्रोजेक्टमध्ये सोव्हिएत एसए-२ हे विमानविरोधी क्षेपणास्त्र उघडून, मोजून, तसंच इथे बनवायचं होतं. ते जमलं नाही. बंद कधी झालं तर कुणी १९७८ म्हणतं, कुणी १९८०. पण त्यातलं लिक्विड इंजिन राहिलं आणि पृथ्वीची इंजिनं त्याच घराण्यातली मानली जातात. इंधनही तेच, झायलिडिन आणि ट्रायइथाइलअमीनचं मिश्रण, सोबत धुरकट नायट्रिक ॲसिड. दोन्ही एकमेकांना भिडली की आपोआप पेटतात, ठिणगी लागत नाही, पण ॲसिडची लालसर वाफ इतकी वाईट की भरणाऱ्या जवानांना नखशिखांत सूट आणि मास्क घालावा लागतो, आणि हे सगळं रणांगणाजवळ उभं राहून करायचं!

म्हणून पृथ्वी म्हणजे एसए-२ ची कॉपी, असं काहीजण लिहितात ते जरा ताणलेलंच वाटतं. एसए-२ ला जमिनीवरून रेडिओने हाकावं लागतं, पृथ्वी स्वतःच्या जडत्वीय यंत्रणेवर चालतं, म्हणजे आपली जागा आणि दिशा आतल्या आत मोजत जातं. एसए-२ चा मुख्य टप्पा अर्धा मीटर जाडीचा, पृथ्वी १.१ मीटर.

अग्नीबद्दल वेगळा वाद. पहिल्या अग्नीचा खालचा टप्पा एसएलव्ही-३ ची (इस्रोच्या उपग्रह सोडणाऱ्या रॉकेटची) सॉलिड, म्हणजे घन इंधनाची मोटर, वरचा पृथ्वीवर बेतलेला. एसएलव्ही-३ अमेरिकन स्काउट रॉकेटवरून उचललं, असं अण्वस्त्रप्रसाराचे अमेरिकन अभ्यासक गॅरी मिलहॉलिन यांनी १९८९ मध्ये मांडलं. कलाम १९६३ ला नासाच्या वॉलप्स बेटावर शिकायला गेले होते, हा त्यातला एक मुद्दा. शिक्षण बाहेरचं हे खरंच आहे, पण बघून आलेला माणूस आणि मोटर ओतून जाळून दाखवणारी लॅब यांत बरंच अंतर असतं, त्यामुळे पूर्ण नक्कल म्हणण्यापेक्षा आराखड्यावर प्रभाव म्हणणं बरं.

निर्बंध : एप्रिल १९८७ मध्ये एमटीसीआर, म्हणजे क्षेपणास्त्र तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर बंधनं घालणारी काही देशांची व्यवस्था, आलं आणि बाहेरून सामान मिळणं अवघड झालं. आकाशच्या राजेंद्र रडारचे फेज शिफ्टर (रडारचा झोत वळवणारे भाग) मिळेनात, तर ते आयआयटी दिल्लीत तयार केले. अग्नीचं वातावरणात परत शिरतानाच्या उष्णतेत टिकणारं कार्बन-कार्बनचं टोकही इथलंच. पुण्याचा वाटा मोठा आहे पण त्यावर लिहिलं कमी गेलंय : पाषाण-सुतारवाडी भागात सॉलिड इंधन आणि वॉरहेडचं काम, दिघीला लाँचरचं.

चाचण्या : पृथ्वी २५ फेब्रुवारी १९८८ ला श्रीहरिकोटाहून उडालं, अग्नी २२ मे १९८९ ला चांदीपूरहून. अग्नीची १९९२ ची चाचणी फसली, १९९४ ची जमली, आणि मग थेट १९९९ पर्यंत शांतता, तेव्हा अग्नी-२ आलं.

समाप्ती : जानेवारी २००८ मध्ये कार्यक्रम संपल्याचं जाहीर झालं. त्रिशूल सैन्यात आलंच नाही. आकाश आलं, लष्कराला २०१५ मध्ये मिळालं. नागच्या चाचण्या मात्र चालूच राहिल्या, पोखरणला शेवटची युजर ट्रायल (सैन्यात घेण्याआधीची चाचणी) झाली ऑक्टोबर २०२० मध्ये.