जिल्हा नियोजन समिती

महाराष्ट्रात जिल्हास्तरीय योजनांचा वार्षिक आराखडा ठरवणारी व त्यावरील खर्चाचा आढावा घेणारी सांविधानिक समिती. प्रचलित नाव 'डीपीसी' (डिस्ट्रिक्ट प्लॅनिंग कमिटी). जुने कार्यकर्ते अजूनही 'डीपीडीसी' म्हणतात, पण ते नाव आधीच्या जिल्हा नियोजन व विकास मंडळाचे आहे.

या व्यवस्थेचा आरंभ केव्हा धरावा, याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक तो जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ पर्यंत मागे नेतात. काही संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीला (१ जून १९९३ पासून अंमल) व तिच्या अनुषंगाने झालेल्या १९९८ च्या राज्य अधिनियमाला आरंभ मानतात. तिसरे मत १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धाकडे बोट दाखवते. त्या सुमारास योजनांची राज्यस्तरीय व जिल्हास्तरीय अशी विभागणी होऊन जिल्हा नियोजन व विकास मंडळे आली. हे मत अधिक ग्राह्य वाटते. जिल्हा परिषदांकडे योजना आधीच होत्या. जिल्ह्याच्या वाट्याची रक्कम आधी सांगून तिच्या आत प्राधान्य ठरवण्याची रीत मात्र या काळातली असून आजची 'कमाल मर्यादा' तिचाच वारसा आहे.

अनुच्छेद २४३ झेडडीनुसार किमान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात, तेही ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. समजा समिती ४० जणांची व लोकसंख्या ६०:४० असेल, तर निर्वाचित ३२ पैकी १९ ग्रामीण व १३ नागरी. अध्यक्ष कसा निवडावा हे संविधानाने राज्यांवर सोडले. महाराष्ट्रात ते पद पालकमंत्र्यांकडे, तर सदस्य-सचिवपद जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. मूळ संस्थेची मुदत संपली की तिथून आलेल्याचे समितीतले सदस्यत्वही संपते. २०२२ पासून बहुतेक स्थानिक संस्था दीर्घकाळ प्रशासकांकडे राहिल्या, तेव्हा हा चार-पंचमांश भाग रिता पडला. समितीच्या घडणीतला हा सर्वांत गंभीर दोष होय.

नियोजन विभाग कमाल मर्यादा कळवतो. जिल्हा नियोजन अधिकारी यंत्रणांकडून, म्हणजे कामे राबवणाऱ्या खात्यांकडून व जिल्हा परिषदेकडून, मागण्या मागवतात, समिती प्रारूपाला मान्यता देते, वाढीव मागणी राज्यस्तरीय बैठकीत मांडली जाते आणि मार्चच्या अर्थसंकल्पात नियतव्यय, म्हणजे वर्षासाठी ठेवलेली रक्कम, ठरतो. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना व आदिवासी उपयोजना यांचे आराखडे वेगळे असतात. सर्वसाधारण योजनेत साधारण दोन-तृतीयांश रक्कम गाभा क्षेत्राला (शेती, ग्रामविकास, सिंचन, शिक्षण, आरोग्य, पाणी) द्यायची असते. रस्ते बिगर गाभा क्षेत्रात मोडतात. मागणी सर्वाधिक त्यांचीच असल्याने ओढाताण तिथेच होते.

नियतव्यय मिळाला म्हणजे काम सुरू झाले असे नव्हे. ग्रामपंचायतीचा ठराव, जागेचा सातबारा, अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता (कामाला व खर्चाला मंजुरी), तांत्रिक मान्यता (अंदाजपत्रकाला अभियंत्याची मंजुरी), निविदा, कार्यारंभ आदेश हा क्रम चुकवता येत नाही. अंगणवाडी किंवा स्मशानभूमीचे काम बहुधा जागेपाशी अडते, कारण ठराव असतो पण जागा ग्रामपंचायतीच्या नावावर नसते. दोन यंत्रणांनी एकच रस्ता सुचवल्याने होणारी दुबार मंजुरी हा दुसरा नेहमीचा घोळ. तो टाळण्यासाठी 'काम अन्य योजनेतून मंजूर नाही' असा दाखला घेतात.

दायित्व, म्हणजे आधी मंजूर झालेल्या कामांचे देणे, हा हिशेबातला कळीचा शब्द. जिल्हा परिषदेत नियतव्ययातून दायित्व वजा करून उरलेल्या रकमेच्या दीडपट नवी कामे घेण्याची पद्धत आहे. नियतव्यय १० कोटी व दायित्व ४ कोटी असेल, तर उरलेल्या ६ कोटींवर ९ कोटींची कामे मंजूर होतात. एकूण बोजा १३ कोटी, म्हणजे ३ कोटी पुढच्या वर्षाच्या माथी. नियतव्यय वाढत असेल तोवर हे पेलते. तो घटला की दायित्वच बहुतांश निधी खाते व नव्या गावांना काही उरत नाही.

शासकीय यंत्रणांना निधी ३१ मार्चपर्यंत खर्चावा लागतो. जिल्हा परिषदेला पुढील आर्थिक वर्षअखेरपर्यंत मुभा असते. अखर्चित राहणारी रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये पुनर्विनियोजनाने दुसऱ्या योजनेकडे वळवतात. तीही बहुधा ज्याची मान्यता तयार आहे त्याच कामाला मिळते.