‘तीन महिन्यांची शुगर’ नेमकं काय मोजते?

तपासणीआधी दोन दिवस गोड बंद केलं की उपाशीपोटीची साखर आटोक्यात दिसू शकते. एचबीएवनसी (HbA1c) ही रक्ततपासणी मात्र दोन दिवसांच्या पथ्याला दाद देत नाही. लोक तिला ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणतात. पण ही तपासणी रक्तातली साखर मोजतच नाही; साखर चिकटलेलं हिमोग्लोबिन मोजते.

ग्लुकोज तांबड्या पेशीत सहज शिरतं आणि एन्झाइमच्या मदतीशिवाय हिमोग्लोबिनला चिकटतं. हिमोग्लोबिन हे प्रथिन साखळ्यांचं बनलेलं असतं; त्यातल्या बीटा नावाच्या साखळीच्या टोकाला व्हॅलिन हे अमिनो आम्ल असतं. तिथे ग्लुकोज आधी सैल बांधलं जातं, सुटूही शकतं. मग रेणूतल्या अणूंची मांडणी बदलते, बंध पक्का होतो आणि पेशी असेपर्यंत टिकतो. तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणजे साखर जास्त तसं चिकटलेलं हिमोग्लोबिन जास्त, आणि पेशी जितकी जुनी तितकंही जास्त. सॅम्युएल रहबर यांनी १९६८ साली तेहरानमध्ये मधुमेहींच्या रक्तात हे वेगळं हिमोग्लोबिन टिपलं.

५.७ टक्क्यांच्या आत नॉर्मल, ६.५ किंवा त्यावर मधुमेह, मधला पट्टा उंबरठ्यावरचा. हे आकडे आता घरोघरी पाठ आहेत. पेशीच्या वयाबद्दल मात्र कुणी बोलत नाही, आणि मला खरी काळजी तिथेच वाटते.

लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचं प्रमाण वाढतं आणि साखर तेवढीच असूनही आकडा वर सरकतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांतल्या एखादीचा ५.९ आला, तर ती साखर की लोहाची कमतरता? नुसत्या त्या रिपोर्टवरून सांगता येत नाही.

सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक आजार, त्यात उलटं घडतं. पेशी लवकर फुटतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि मधुमेह असूनही आकडा बरा दिसतो. नंदुरबार, गडचिरोली भागात हा आजार बराच आढळतो, तिथे हा धोका मोठा. नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा बरंच रक्त गेलं असेल, तरीही आकडा भरवशाचा राहत नाही.

अशा वेळी डॉक्टर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, पाहतात, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर तपासायला सांगतात. फ्रुक्टोसामाइन ही आणखी एक तपासणी आहे. ती रक्तद्रवातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटलेली साखर मोजते. त्यामुळे तांबड्या पेशींचा तिथे संबंध येत नाही, आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज मिळतो.