मॉडिफाय केलेली थार, जिम्नी, जुनी जीप: कोणत्या बदलाला अर्ज करता येतो, कोणत्याला नाही, आणि पोलिसांनी अडवलं तर पुढे काय

"लिफ्ट किट बसवायचंय, आरटीओची परवानगी कशी काढायची?" फोर बाय फोर गाडी दारात आली की महिन्याभरात हा प्रश्न येतोच. अॅक्सेसरीजच्या दुकानातलं उत्तरही ठरलेलं असतं: "आधी बसवून घ्या साहेब, आरसीवर नंतर चढवून देऊ, आपला एजंट आहे." पण लिफ्ट किट आरसीवर चढत नाही. खासगी गाडीची उंची वाढवण्यासाठी करायचा अर्जच नाही. त्यामुळे अर्ज कसा करायचा हे बघण्याआधी कोणत्या बदलासाठी अर्ज करता येतो, ते बघावं लागतं. ती यादी फार छोटी आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ५२ हे या विषयाचं मूळ. गाडी बनवणाऱ्या कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील वेगळे होतील, असा कोणताही बदल मालकाने करायचा नाही, असं ते सांगतं. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांवर बोट ठेवून मालकांना सूट दिली होती, ती काढून घेतली गेली. राज्याचे नियम कलम ५२ च्या वर जाऊ शकत नाहीत, हा त्या निकालाचा गाभा.

इथे बहुतेकांची गल्लत होते. आरसीच्या स्मार्ट कार्डावर टायरचा साइज नसतो, सस्पेन्शनची उंची नसते, बंपरचा उल्लेख नसतो. मग "आरसीत नाहीच, तर बदललं म्हणून कसं म्हणता?" असा युक्तिवाद होतो. पण तुलना फक्त कार्डाशी होत नाही. प्रत्येक मॉडेल बाजारात येण्याआधी त्याच्या नमुन्याची चाचणी होते. पुण्यातली एआरएआय, मानेसरची आयकॅट, भोसरीची सीआयआरटी अशा संस्था ती करतात. त्या चाचणीत मंजूर झालेलं स्पेसिफिकेशन म्हणजे तुमच्या गाडीचं मूळ रूप.

स्नॉर्कलचं, म्हणजे पाण्यातून जाताना इंजिनला वरून हवा मिळावी म्हणून लावलेल्या उभ्या नळीचं, उदाहरण घ्या. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा कारखान्यातूनच स्नॉर्कल लावून येते. ते मंजूर नमुन्याचा भाग आहे, म्हणून त्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही. दिसायला तसंच स्नॉर्कल तुम्ही बाजारातून आणून, फेंडर कापून थारला बसवलंत तर तो बदल झाला. टायरचंही तसंच. २०२० च्या थारचा एएक्स प्रकार २४५/७५ आर १६ टायरवर आला आणि एलएक्स २५५/६५ आर १८ वर. कंपनीने आपल्या मॉडेलसाठी मंजूर केलेल्या साइजच्या आत राहिलात तर तुमची बाजू भक्कम. पण जिम्नीचे १९५/८० आर १५ काढून तिथे मडगार्डच्या बाहेर डोकावणारे मड टेरेन (चिखलासाठीचे जाड खाचांचे) टायर बसवले, तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो, ब्रेकवरचा भार बदलतो आणि निरीक्षकाला ते लांबूनच दिसतं.

आणखी एक पळवाट सांगितली जाते: "आपण तर फक्त ऑफरोडला नेतो." लोकांना जायचा हक्क आहे अशी कोणतीही जागा कायद्याच्या भाषेत सार्वजनिक ठिकाण असते. म्हणजे घाटातली कच्ची वाट आणि समुद्रकिनाराही त्यात आले. कुंपणाच्या आतल्या खासगी ट्रॅकवर न्यायची गाडी असेल तर ती तिथवर टोइंग ट्रकवर न्यावी. रॅलीवाले तेच करतात.

पोलीस कोणत्या कलमाखाली चलान करतात

महाराष्ट्रात तुम्हाला तीन प्रकारची माणसं अडवू शकतात: शहराची वाहतूक शाखा, महामार्ग पोलीस आणि आरटीओचं वायुवेग पथक. गणवेशातल्या पोलिसाने मागितल्यावर लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी दाखवणं बंधनकारक आहे. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली प्रत चालते. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला आरसीचा फोटो मात्र चालत नाही, कितीही हुज्जत घातली तरी.

मोठं कलम आहे १८२ए(४). १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द नीट वाचा. बुलबार (बंपरपुढे लावलेली लोखंडी चौकट), टायर आणि हार्ड टॉप (कापडी छताऐवजी बसवलेलं कडक छप्पर) असे तीन बदल असतील तर हिशोब १५,००० वर जातो. शिवाय या कलमात शब्द आहे "मालक". ज्या दुकानाने आरसीवर चढवून देतो म्हटलं, त्याचं नाव तुमच्या चलानवर येणार नाही.

ही कलमं नुसती कागदावर आहेत असं समजू नये. श्रीनगरच्या वाहतूक न्यायालयाने २०२३ मध्ये एका थारमालकाला हार्ड टॉप, मोठे टायर, एलईडी दिवे आणि सायरन यांवरून सहा महिन्यांची साधी कैद सुनावली. पहिलाच गुन्हा म्हणून त्याला बंधपत्रावर सोडलं, पण सगळे बदल उतरवून गाडी मूळ रूपात आणायचा आदेश आरटीओला दिला. हार्ड टॉप त्या यादीत बघून अनेकांना धक्का बसला. जुन्या थारवर तो आपल्याकडे सर्रास दिसतो.

बाकीची कलमं थोडक्यात. सायलेन्सर कापणं, कॅटेलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणं असं धूर किंवा आवाज वाढवणारं काहीही केलं तर कलम १९०(२): तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११९ व्या नियमाने बंद आहे. छपरावरच्या प्रखर दिव्यांसाठी नियम १०६ लागतो. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जाणार नाही अशा बेतानेच दिवा असला पाहिजे. काचांमधून पुढे-मागे किमान ७० टक्के आणि बाजूंनी किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. बुलबारबद्दल केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितलं होतं. ते फक्त पादचाऱ्यांसाठी नाही. पुढून बसलेला धक्का थेट चेसिसला गेला तर एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकू शकतो.

हो, आणि रंग. जीप म्हटलं की लष्करी हिरवा डोळ्यांसमोर येतो. नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. त्यासाठी अर्ज करून उपयोग नाही.

अर्ज कशासाठी करता येतो

रंग बदलणं हा सगळ्यात सोपा प्रकार. रंग आरसीवर लिहिलेला असतो आणि तो तिथे बदलूनही मिळतो. पूर्ण गाडीला रॅप करत, म्हणजे रंगीत फिल्म चिकटवत असाल आणि मूळ रंग दिसेनासा होत असेल, तर तोही बदलच समजून अर्ज करणं शहाणपणाचं.

दुसरा प्रकार इंधनाचा. पेट्रोल गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट बसवायला कलम ५२ मध्येच मोकळीक आहे, अट अशी की ते किट तुमच्या मॉडेलसाठी चाचणी संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि अधिकृत केंद्रातच बसवलेलं हवं. ऑफरोडवाल्यांना यात फारसा रस नसतो, त्यामुळे इथेच थांबतो.

तिसरं, इंजिन. जुनं इंजिन निकामी झालं तर त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं आणि त्याच इंधनाचं इंजिन आधी परवानगी घेऊन बसवता येतं. पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकून नंबर चढवून घेण्याचे दिवस गेले. इंजिनचं बिल नसेल तर अर्जच करू नका, कारण चोरीच्या गाडीचं इंजिन असल्याचा संशय पहिल्यांदा तुमच्यावर येतो.

चौथा प्रकार दिव्यांग चालकांसाठी. हातांनी चालणारे ब्रेक-अॅक्सिलरेटर वगैरे बसवून गाडी अनुकूलित करता येते आणि त्याची मंजुरी नंतरही घेता येते. कायद्याने मनापासून दिलेली ही एकच मोठी सूट. हवी त्यांनी ती बिनदिक्कत घ्यावी.

यापलीकडे लिफ्ट किट, बॉडी कापणं, सीट वाढवणं, चेसिसला हात लावणं यांच्यासाठी मालकाने भरायचा अर्ज नाही.

अर्ज कसा करायचा

परिवहन सेवा संकेतस्थळावर वाहनविषयक ऑनलाइन सेवांमध्ये गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे शेवटचे पाच अंक टाकायचे. आरसीला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. पंचाईत इथेच होते: सेकंड हँड गाडी घेतली असेल तर बऱ्याचदा नंबर आधीच्या मालकाचा किंवा त्याच्या एजंटचा असतो. तो आधी बदलून घ्या. मग वाहनातील बदलाची सेवा निवडायची, बदल नोंदवायचा, कागद अपलोड करायचे, फी ऑनलाइन भरायची आणि पावती छापून आरटीओची वेळ घ्यायची.

सोबत न्यायचे कागद असे: मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा), केलेल्या कामाचं जीएसटी बिल. सीएनजी-एलपीजी किटसाठी त्याचं मंजुरी प्रमाणपत्र आणि बसवणाऱ्या केंद्राचा दाखला. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र. आरसीवर बँकेचा बोजा असताना तिला न विचारता बदल नोंदवता येत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली नसेल तर तीही आधी बसवा, नाहीतर आरटीओतली कामं अडतात.

गाडी प्रत्यक्ष न्यावी लागते. मोटार वाहन निरीक्षक चेसिस आणि इंजिन नंबर ताडून बघतो, मग आरसीवर नोंद होते. परवानगी आधी न घेता बदल झालाच असेल, तर कायद्याने तो १४ दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवायचा असतो. ही मुदत नोंदवता येण्याजोग्या बदलांसाठी आहे. बेकायदा बदल १४ दिवसांत कळवला म्हणून कायदेशीर होत नाही. रंगासाठी मात्र माझा सल्ला: आधी अर्ज, मग स्प्रे गन.

आरसीचं काम झालं की विमा कंपनीला लेखी कळवा. जादा बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तूंसाठी वेगळा हप्ता भरून संरक्षण घेता येतं. न कळवलेल्या बदलावरून नुकसानभरपाई अडल्याची भांडणं ग्राहक आयोगात नेहमीची आहेत.

चलान झालं तर

चलानवर कोणतं कलम लावलंय ते जागेवरच वाचा. चूक वाटली तर ई-चलानच्या संकेतस्थळावर फोटो आणि कागद जोडून तक्रार करता येते. चलान मान्य नसेल तर ते न्यायालयापुढे जातं. कंपनीचीच अॅक्सेसरी असताना चलान झालं असेल, तर अधिकृत डीलरचं बिल आणि गाडीच्या प्रकाराचं माहितीपत्रक हे तुमचे सगळ्यात उपयोगी कागद. ते डॅशबोर्डमध्ये ठेवा.

गाडी रस्त्यावर धोकादायक आहे असं नोंदणी प्राधिकाऱ्याला वाटलं तर कलम ५३ खाली आरसी निलंबित होऊ शकते. त्याआधी तुमचं म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते, आणि निलंबन दोष दूर होईपर्यंतच असतं. म्हणून नोटीस आली की वकिलाआधी गॅरेज गाठा: मूळ टायर, मूळ बंपर, मूळ सायलेन्सर लावा, बिल घ्या, तारीख दिसेल असे फोटो काढा आणि फेरतपासणी मागा. काढलेले मूळ भाग भंगारात विकू नयेत असं जाणकार सांगतात ते याचसाठी. आदेश पटला नाही तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं.

जुनी जीप असेल तर

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे नमुना २५ भरून, गाडी तपासून घेऊन, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांसाठी ती वाढवता येते. मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत अर्ज करता येतो. एमएम ५४० किंवा मेजर अशा महिंद्राच्या जुन्या जीपवाल्यांचे जुने उद्योग नेमके याच तपासणीत उघडे पडतात, कारण आरसीवरचा इंजिन नंबर एक आणि बॉनेटखालचा दुसरा. जुन्या भागांतून जीप जोडून देणाऱ्या हरियाणातल्या डबवालीहून बनवून आणलेल्या जीपचं तर विचारूच नका. ती विकत घ्यायच्या आधी चेसिस नंबर स्वतः घासून वाचा आणि परिवहनच्या नोंदीशी जुळवा.

पन्नास वर्षांहून जुनी विलीज जीप वगैरे असेल तर २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते. अर्ज नमुना २० मध्ये, सोबत विमा आणि जुनी आरसी; परदेशातून आणलेली असेल तर सीमाशुल्काचा कागद. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षांची, नूतनीकरण ५,००० रुपये, नंबर व्हीए मालिकेतला. अट मात्र कडक आहे: चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर काढायची.