पेन्शन, वर्दी आणि चोवीस तास ड्युटी: पोलिसाच्या नोकरीचे फायदे-तोटे आले कुठून

पोलीस खात्यात किंवा एखाद्या सरकारी तपास यंत्रणेत नोकरी धरावी का असा विषय निघाला की ठरलेली यादी पुढे येते. एकीकडे पक्की नोकरी, पेन्शन, वर्दीचा मान. दुसरीकडे ड्युटीला वेळकाळ नाही, वरून दबाव, बदल्या, चौकशी लागली की वर्षानुवर्षं लटकत राहायचं, आणि संप तर सोडाच, बऱ्याच ठिकाणी साधी युनियन पण काढता येत नाही. यादी बरोबरच आहे, पण ती दोन बाजूंची आहे असं वाटतं तिथेच गडबड आहे, कारण इतिहास बघितला तर यातल्या बहुतेक सवलती कुठला ना कुठला हक्क काढून घेताना दिल्या गेल्यात.

मुळात ही पगारी नोकरीच नव्हती. इंग्लंडमध्ये कित्येक शतकं गावचा कॉन्स्टेबल म्हणजे आळीपाळीने वर्षभरासाठी गळ्यात पडणारं फुकटचं काम. ज्याला परवडायचं तो पैसे देऊन आपल्या जागी दुसरा माणूस उभा करायचा, आणि असा भाड्याने आलेला माणूस किती जीव तोडून काम करत असेल ते सांगायला नको. चोर पकडायचे तर बक्षीस लावायचं, हा दुसरा मार्ग. १६९२ च्या कायद्याने वाटमारी करणाऱ्याला शिक्षेपर्यंत पोचवलं तर ४० पौंड मिळायचे, त्या काळात ही रक्कम म्हणजे डोळे फिरवणारी. मग व्हायचं तेच झालं. लंडनमध्ये जोनाथन वाइल्ड नावाचा एक इसम चोरांची टोळी स्वतःच चालवायचा, चोरीचा माल मूळ मालकाला 'शोधून' दिल्याचे पैसे घ्यायचा आणि टोळीतला कोणी डोईजड झाला की त्यालाच पकडून देऊन वर बक्षीसही घ्यायचा. १७२५ ला त्याला फाशी झाली, पण बक्षिसाची पद्धत पुढे बरीच वर्षं चालूच राहिली.

अमेरिकेत पण सुरुवात काही वेगळी नाही. तिथे केंद्र सरकारचे मार्शल १७८९ पासून आहेत, पण १८९६ पर्यंत त्यांना ठरलेला पगारच नव्हता, समन्स बजावलं की इतकी फी, अटक केली की इतकी फी. म्हणजे आज आपण सरकारी नोकरीवर जी टीका करतो, की काम करा नाहीतर नका करू पगार तोच, ती गोष्ट पोलिसांच्या बाबतीत मुद्दाम आणलेली आहे. किती लोक आत टाकले यावर ज्याचं पोट अवलंबून असेल तो माणूस काय करेल हे लोकांनी चांगलंच भोगलं होतं. (आजही टार्गेट देऊन केसेस करायला लावतात तिथे तोच जुना रोग मागच्या दाराने येतो, असं माझं मत.)

२९ सप्टेंबर १८२९ ला लंडनच्या रस्त्यांवर मेट्रोपॉलिटन पोलीस उतरले आणि आज आपण जिला पोलिसाची नोकरी म्हणतो तिचा साचा तिथे तयार झाला. पॅरिसने त्याच वर्षी काही महिने आधी वर्दीतले शिपाई आणले होते, पण जगभर नकल झाली ती जास्त करून लंडनची. गृहमंत्री रॉबर्ट पील, कमिशनर दोन, चार्ल्स रोवन आणि रिचर्ड मेन. शिपायाला आठवड्याला २१ शिलिंग, म्हणजे साधारण अकुशल मजुराच्या थोडा वर, कारागिराच्या खाली. वर्दी निळी, सैन्यासारखी दिसू नये म्हणून. आणि ती ड्युटी संपली तरी उतरवायची नाही! लोकांना भीती होती की हे सरकारचे हेर आहेत, म्हणून पोलीस हा कधीही पोलीसच दिसला पाहिजे, मग आता हा कामावर आहे की नाही हे कळायला बाहीवर एक पट्टी बांधायची, ड्युटी संपली की पट्टी काढायची, कोट तसाच. चोवीस तास पोलीस ही कल्पना अशी अंगावर चढवली गेली. शिवाय मतदानाचा हक्क काढून घेतला, पोलिसाने खासदारकीच्या निवडणुकीत मत द्यायचं नाही, आणि तो परत मिळायला १८८७ उजाडलं.

लोक टिकले का? नाही. वॉरंट नंबर १, म्हणजे दलातला पहिला भरती क्रमांक, मिळालेला शिपाई पहिल्याच दिवशी दारू प्यायला म्हणून घरी गेला. पहिल्या काही वर्षांत भरती झालेल्यांपैकी बहुतेक जण एकतर काढले गेले नाहीतर कंटाळून निघून गेले. प्रशिक्षण द्यायचं, वर्दी द्यायची आणि माणूस वर्षभरात पसार, हे सरकारला परवडेना. पेन्शनचं महत्त्व इथे आहे. १८९० च्या कायद्याने २५ वर्षं नोकरी झाली की पेन्शन हा हक्क झाला, त्याआधी ती बरीचशी वरिष्ठांच्या मर्जीवर होती. वरून बघितलं तर मेहेरबानी, पण २५ वर्षांच्या आत नोकरी गेली तर सगळं गेलं, म्हणजे पंधरा-अठरा वर्षं झालेला माणूस साहेबाच्या तोंडाला तोंड देताना दहा वेळा विचार करणार. आणि आठवड्याला एक सुट्टी? त्यासाठी १९१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला. बायकांना तर आत यायलाच उशीर झाला, ब्रिटनमध्ये अटकेचा अधिकार असलेली पहिली महिला पोलीस १९१५ ची, आणि लग्न केलं की नोकरी सोडायची हा नियम १९४६ पर्यंत.

भारतात लंडनचा नाही, आयर्लंडचा नमुना आला. तो साचा लोकांमध्ये मिसळणाऱ्या पोलिसाचा नव्हता, बराकीत राहणाऱ्या, वरून हुकूम घेणाऱ्या दलाचा होता. ब्रिटिश सेनापती चार्ल्स नेपियरने १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर तो तिथे वापरला, आणि १८५७ नंतर १८६१ चा पोलीस कायदा आला. त्यातली कलमं वाचायला मजेशीर आहेत. कलम २२: पोलीस कायम ड्युटीवर आहे असं समजायचं. कलम ९: परवानगीशिवाय किंवा दोन महिन्यांची नोटीस दिल्याशिवाय नोकरी सोडता येणार नाही. कलम १०: लेखी परवानगीशिवाय दुसरा धंदा नाही. आणि न सांगता काम सोडलं तर दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद. इतर कुठल्या कारकुनाला राजीनामा न देता गायब झाला म्हणून तुरुंगात घालतात का? १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने पोलिसांमधल्या लाचखोरीवर आणि दर्जावर सडकून लिहिलं आणि पगार अपुरे आहेत हेही मान्य केलं, पण साचा तोच राहिला.

राजकीय दबाव हा तोटा सगळ्यात स्पष्ट दिसला तो न्यूयॉर्कमध्ये. १९ व्या शतकात तिथे पोलिसाची नोकरी म्हणजे पक्षाच्या वॉर्डातल्या दादाची देणगी, निवडणुकीत पक्ष पडला की नोकरी पण धोक्यात. १८९४ मध्ये पोलिसांमधल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या लेक्सो समितीपुढे एका पोलीस कॅप्टनने साक्ष दिली की कॅप्टनपदासाठी १५ हजार डॉलर मोजले. आता इतके पैसे भरून आलेला माणूस ते वसूल कुठून करणार, उघड आहे. त्यानंतर थिओडोर रूझवेल्ट पोलीस बोर्डाचा अध्यक्ष झाला, परीक्षा-बिरीक्षा वाढल्या. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या केंद्राच्या तपास ब्युरोत, म्हणजे पुढच्या एफबीआयमध्ये, १९२४ ला जे. एडगर हूवर प्रमुख झाला तेव्हा त्यानेही वशिल्याची भरती साफ केली, कायदा आणि अकाउंटिंग शिकलेली पोरं घेतली. चांगलंच झालं, फक्त राजकारण्यांच्या जागी एकाच साहेबाची मर्जी आली, आणि ती १९७२ मध्ये तो मरेपर्यंत चालली.

आता युनियनची गोष्ट, खरा सौदा इथेच झाला. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली आणि ३० ऑगस्ट १९१८ ला लंडनचे हजारो पोलीस संपावर गेले. पंतप्रधान लॉइड जॉर्जला स्वतः बोलणी करावी लागली. मग पोलिसांच्या पगारावर डेस्बरो समिती बसली, पगार घसघशीत वाढले, शिपायाची सुरुवात आठवड्याला ७० शिलिंगांवर गेली. आणि १९१९ च्या कायद्याने पोलिसांना युनियन बंद केली, बदल्यात सरकारमान्य फेडरेशन दिलं ज्याला संपाचा अधिकार नाही. याविरुद्ध लंडन आणि लिव्हरपूलमध्ये दुसरा संप झाला, पण खिशात नवीन पगार आल्यावर फार थोडे बाहेर पडले, आणि जे पडले त्या सगळ्यांना काढलं, एकालाही परत घेतलं नाही.

१९१९ च्याच सप्टेंबरात अमेरिकेत बॉस्टनमध्ये १५४४ पैकी १११७ पोलीस संपावर. आठवड्याला सत्तर तासांच्या वर काम, वर्दीचा खर्च खिशातून, ठाण्यांत उंदीर. गव्हर्नर कूलिजने सार्वजनिक सुरक्षेविरुद्ध संप करायचा हक्क कोणालाच नाही अशी भूमिका घेतली, संपकऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या आणि कूलिज त्या प्रसिद्धीवर उपाध्यक्ष आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला. यातली चीड आणणारी गोष्ट म्हणजे त्यांच्या जागी जे नवीन भरले त्यांना वाढीव पगार, सुट्ट्या आणि फुकट वर्दी मिळाली, म्हणजे जुने जे मागत होते तेच! पुढे १९४८ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या करारात संघटना स्वातंत्र्याचा हक्क मान्य झाला तेव्हाही पोलीस आणि सैन्याला तो किती लागू करायचा हे प्रत्येक देशावर सोडून दिलं.

भारताने १९६६ च्या कायद्याने केंद्राच्या परवानगीशिवाय युनियनमध्ये जायला पोलिसांना बंदी घातली, मोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद. १९७९ मध्ये पंजाबपासून सुरू होऊन अनेक राज्यांत पोलीस रस्त्यावर आले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोलीस आयोगाने आपल्या पहिल्या अहवालात शिपायांचे तास, घरं, तक्रार ऐकणारी व्यवस्था हेच विषय घेतले होते, साहेबांच्या घरी राबणाऱ्या ऑर्डर्लीची पद्धत बंद करा असंही सांगितलं होतं. तरी ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत उठाव झालाच, पोलिसांच्या संघटनेची मान्यता गेली, माणसं बडतर्फ झाली. बदलीच्या दबावावर सुप्रीम कोर्टाने २००६ ला महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांची मुदत सांगितली, पण राज्यांनी तिला सोयीप्रमाणे वाकवलं.

अमेरिकेच्या केंद्रीय यंत्रणांनी या कटकटीला सरळ किंमत लावली. एजंटला ५० व्या वर्षी २० वर्षांच्या नोकरीवर पूर्ण पेन्शन, साधारण ५७ ला सक्तीची निवृत्ती, आणि १९९४ पासून तपासी एजंटांना कधीही हजर राहायचं म्हणून पगारावर २५ टक्के जादा, त्यासाठी दिवसाला सरासरी दोन तास वरचे द्यायचे. ओव्हरटाइमचा हिशोब वेगळा मागायचा नाही. कोणाला हा घाटा वाटेल कोणाला नाही, पण १८६१ च्या कलम २२ मध्ये तोच कायम ड्युटीचा बोजा आहे आणि त्यासमोर एक पैसाही लिहिलेला नाही.